पहिली लेन्स कोणती घ्यावी? अजिंठ्यापासून उमरीपर्यंतचा हिशोब

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा एसटीत गोंगाटामुळे नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून काढलाय. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त आकडे आणि सनावळ्या नीट मांडल्यात.

आजचा प्रश्न तुमच्यातल्या कितीतरी जणांचा आहे. कोणी सोयाबीनच्या पैशातून सेकंडहँड कॅमेरा घेतलाय, कोणी लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवतंय, कोणाकडे कॅमेराच नाही, पण फोनच्या पाठीवर तीन लेन्स आहेत आणि त्यातली कुठली कशासाठी तेच कळत नाही. प्रश्न एकच: "पहिली लेन्स कोणती घेऊ?"

याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. पण युट्यूबवर अशी दोन मिनिटांची उत्तरं शेकड्यांनी आहेत आणि ती बघून माणूस जास्तच गोंधळतो. आपण इतिहास सांगणारे लोक. त्यामुळे उलटं करू. आधीच्या माणसांनी लेन्स कशी निवडली, त्यांची अडचण काय होती, ते बघू. तेही आपल्याच भागातून: अजिंठा, हैदराबाद संस्थान, नाशिककडचे फाळके आणि आपलं उमरी. सांगायचं एवढंच आहे की लेन्स ठरवते तुम्ही कुठे उभे राहणार. आणि जिथे कोणी कॅमेरा घेऊन उभंच राहिलं नाही, तिथला इतिहास नुसता ऐकावा लागतो, बघायला मिळत नाही.

लेन्सवरचे दोन आकडे

कुठल्याही लेन्सवर दोन आकडे महत्त्वाचे. पहिला मिलिमीटरमध्ये असतो: १८, ३५, ५०, २००. ही फोकल लेंथ. आकडा लहान तर चौकटीत पसारा जास्त मावतो. आकडा मोठा तर लांबचं जवळ येतं. दुसरा आकडा एफ/१.८, एफ/३.५, एफ/५.६ असा. हे अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सची खिडकी किती उघडते ते. इथे गंमत अशी की आकडा लहान तर खिडकी मोठी आणि उजेड जास्त.

पहिला आकडा सांगतो, किती लांब उभं राहायचं. दुसरा सांगतो, किती अंधारात काम भागेल. बाकी सगळी जाहिरात.

आता या दुसऱ्या आकड्यापासूनच गोष्ट सुरू करू.

तोफखान्याचं गणित

१८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेरच्या छायाचित्रण पद्धतीची घोषणा झाली. जग थक्क झालं, पण एक मोठी अडचण होती. तेव्हाच्या लेन्सची खिडकी फार बारीक, आजच्या भाषेत सुमारे एफ/१५. फोटोला कित्येक मिनिटं लागायची. इमारत तेवढा वेळ उभी राहते, माणूस कसा राहील? हलला की पुसट.

म्हणजे अडचण अंधाराची होती आणि उपाय लेन्समध्ये होता. व्हिएन्नातले गणिताचे प्राध्यापक योसेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये एक नवी लेन्स कागदावर मांडली. तिचं आकडेमोडीचं काम प्रचंड होतं, म्हणून त्यांच्या मदतीला ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली हिशोबात तयार असलेली माणसं देण्यात आली. तोफगोळा कुठे पडेल याचं गणित करणाऱ्यांनी किरण कुठे पडेल याचं गणित केलं! ती लेन्स फोइग्टलेंडर कंपनीने बनवली. खिडकी सुमारे एफ/३.६, म्हणजे आधीच्या मानाने साधारण सतरा पट उजेड. कित्येक मिनिटांचं काम मिनिटाच्या आत आलं आणि माणसाचा चेहरा फोटोत मावू लागला.

पण फुकट काही मिळत नाही. त्या लेन्समध्ये मधला भाग धारदार यायचा, कडा मात्र विरघळल्यासारख्या. चेहऱ्यासाठी उत्तम, देवळाच्या दर्शनी भागासाठी वाईट. म्हणजे १८४० सालीच हे ठरून गेलं होतं की सगळ्याला चांगली अशी एक लेन्स नसते. आज दुकानदार म्हणतो ना, "ही घ्या, हिच्यात सगळंच होतं", तेव्हा पेट्झवालबुवांना आठवा.

हे तंत्र आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिच्यात होते आणि स्वतः फोटो काढत होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले छायाचित्रकार झाले. आपली माणसं या धंद्यात पहिल्या पिढीपासून आहेत, हे लक्षात राहू द्या.

अजिंठ्याचा अंधार

आता आपल्या मराठवाड्यात या. मेजर रॉबर्ट गिल हा कंपनी सरकारच्या मद्रास फौजेतला अधिकारी. १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याला पाठवलं, लेण्यांतल्या भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायला. हे काम हाताने, रंग-ब्रशने करायचं होतं. गिल त्या भागात कित्येक वर्षं राहिला. त्याच्या बहुतेक मोठ्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्या जळाल्या.

पण गिलने दुसरंही एक काम केलं होतं. तो फोटोही काढत होता. त्याच्या अजिंठा-वेरूळच्या फोटोंची पुस्तकं १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह लंडनमध्ये निघाली. त्यातले फोटो स्टिरिओ पद्धतीचे, म्हणजे दोन डोळ्यांसारख्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन लेन्समधून काढलेले. खास चष्म्यातून बघितलं की खांब पुढे, भिंत मागे अशी खोली दिसायची. आज तुमच्या फोनच्या मागे दोन-तीन लेन्स बघून नवल वाटतं. आपल्या मराठवाड्यात एकाहून जास्त लेन्सनी फोटो काढल्याला दीडशेहून जास्त वर्षं झालीत.

आता प्रश्न असा की फोटो काढता येत होते, तर भिंतीवरच्या चित्रांसाठी ब्रश कशाला? कारण साधं आहे. तेव्हाच्या फोटोत रंग नव्हता आणि लेण्याच्या आत उजेड नव्हता. खांब, दारं, दर्शनी भाग यांना ऊन मिळायचं. आतल्या दालनात ते पोचत नाही. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा हातानेच नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या.

ही कोंडी पुरती फुटायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बिनॉय बहल यांनी प्रखर दिवे न लावता, आत जेवढा थोडा उजेड येतो तेवढ्यावरच, कॅमेरा स्थिर ठेवून, बराच वेळ शटर उघडं ठेवून अजिंठ्याची चित्रं टिपली. रंग असे आले की लोकांना खरं वाटेना.

नवशिक्याने यातून घ्यायचं ते हे: अंधाराला तीन उत्तरं असतात. मोठ्या खिडकीची लेन्स, जास्त वेळ उघडं शटर किंवा बाहेरचा दिवा. समोरची वस्तू हलत नसेल तर महागडी लेन्स लागत नाही, ट्रायपॉड पुरतो. भिंत हलत नाही. हळदीत नाचणारी नवरी हलते. तिला एफ/१.८ लागतो.

दरबाराचा फोटोग्राफर

आपला नांदेड-लातूर भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात. संस्थानाचं सगळ्यात मोठं फोटोतलं नाव म्हणजे राजा दीन दयाळ. जन्म १८४४, मेरठजवळच्या सरधन्याचा. शिक्षण रुडकीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करता करता १८७४ च्या सुमारास फोटोग्राफीला लागले. म्हणजे तिशीत सुरुवात केली. "आता उशीर झाला" म्हणणाऱ्यांनी ऐका. पुढे सहाव्या निजामाचे, महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि राजा ही पदवीही तिथलीच.

दीन दयाळ मोठ्या काचेच्या प्लेटवर काम करायचे. काही प्लेटा तर वहीच्या पानाहून मोठ्या. इथे लेन्सच्या आकड्यातली एक मेख समजून घ्या, कारण नवीन मुलं इथेच फसतात. आठ बाय दहा इंचांच्या काचेवर ३०० मिलिमीटरची लेन्स साधी, डोळ्याला दिसतं त्याच्या आसपासचं दाखवणारी असते. तीच लेन्स आजच्या डीएसएलआरवर लावली तर दुर्बीण होते! तुमच्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेंथ तर पाच-सात मिलिमीटरच असते. कारण काच, फिल्म किंवा सेन्सर केवढा आहे, त्यावर त्या आकड्याचा अर्थ ठरतो. म्हणून नुसतं "पन्नासची लेन्स घे" असं कोणी म्हटलं तर पुढचा प्रश्न विचारा, "कुठल्या कॅमेऱ्यावर?"

दीन दयाळांनी काय टिपलं? महाल, शिकारी, परेडी, पाहुणे, वेरूळची लेणी. पण तेवढंच नाही. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात तेव्हाच्या औरंगाबाद भागातल्या मदतकार्याचेही त्यांचे फोटो आहेत. त्यांत आपल्या मुलखातली हाडं निघालेली माणसं दिसतात. एक गोष्ट त्याहून वेगळी. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तो बायकाच चालवत. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांचे फोटो पुरुष फोटोग्राफरला कितीही भारी लेन्स दिली तरी काढता आले नसते, कारण तिथे उभं राहायची जागाच त्याला नव्हती.

त्याच सुमाराला, १९०० च्या आसपास, निजामाच्या रेल्वेचा हैदराबाद ते मनमाड मार्ग तयार झाला. नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद ही स्टेशनं त्याच रुळावरची. उमरीहून गाडीत बसून माणूस राजधानीत जाऊ शकत होता. पण राजधानीतला कॅमेरा उमरीच्या शेतकऱ्याकडे येण्याचं कारण नव्हतं. लेन्स दरबाराची होती, म्हणून ती दरबाराकडे वळलेली होती.

वाटाण्याचं रोप

यानंतरचा माणूस त्र्यंबकेश्वरचा. धुंडिराज गोविंद फाळके, आपले दादासाहेब. चित्रपट काढायचा ध्यास घेऊन १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. पैसे उभे करताना विम्याची पॉलिसी गहाण पडली होती, घरात चणचण होती.

आता विचार करा. एवढा महाग कॅमेरा हातात आल्यावर पहिलं काय टिपावं? राजवाडा? समुद्र? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा त्याच्यासमोर एका जागी पक्का बसवला आणि दिवसामागून दिवस थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर बघताना बी फुटतं, कोंब येतो, रोप वाढतं. 'अंकुराची वाढ' म्हणतात ती हीच. हे बघून भांडवल देणारा माणूस तयार झाला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. सरस्वतीबाई फाळके घरातला स्वयंपाक करून फिल्मला भोकं पाडायचं कामही करत होत्या.

त्या रोपाच्या फिल्ममध्ये कॅमेरा हलला नाही आणि जागा बदलली नाही. एक लेन्स, एक कुंडी, एक खिडकी आणि महिनाभराचा धीर. पहिली लेन्स घेतल्यावर लगेच दुसरीच्या मागे धावणाऱ्यांनी हे रोप डोळ्यासमोर ठेवावं.

३० जानेवारी १९४८

आता या भागाच्या मधोमध असलेल्या तारखेकडे येतो.

१९२५ मध्ये जर्मनीत लायका हा छोटा कॅमेरा बाजारात आला. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा, कोटाच्या खिशात मावणारा, आणि त्यावर ५० मिलिमीटरची लेन्स. त्या फिल्मच्या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिलिमीटर, म्हणून ५० ही तिच्यासाठी साधी लेन्स ठरली. ना पसारा, ना दुर्बीण. बोलायला जेवढ्या अंतरावर उभं राहतो, तेवढ्या अंतरावरून माणूस नीट दिसतो.

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम याच ५० वर केलं. ३० जानेवारी १९४८ ला ते दिल्लीत होते. त्या दिवशी ते गांधीजींना भेटले आणि त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. संध्याकाळी बिर्ला हाऊसच्या फाटकावर चढून नेहरू गर्दीला ती बातमी सांगताहेत, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. उजेड जवळपास नाही, चित्र धारदार नाही, दिव्याचा झोत अंगावर. तरी तो क्षण आपल्यासमोर उभा आहे. पुढच्या दिवशी अंत्ययात्रा निघाली. तिचे फोटो कार्तिए-ब्रेसाँनी काढले, आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनीही काढले.

आता त्याच तारखेला, त्याच ३० जानेवारीला, उमरीत काय झालं? हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी उमरीच्या बँकेवर छापा घातला. लढ्याला पैसा हवा होता. निजामाच्या राजवटीला हादरवणारी ही घटना. पुढे त्याच वर्षी १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतात आलं. मराठवाड्यात उमरीचं नाव घेतलं की जुनी माणसं आजही आधी बँकेची गोष्ट सांगतात.

सांगतात. हा शब्द लक्षात घ्या. एकाच दिवशीच्या दोन घटना. दिल्लीची आपण बघतो. उमरीची ऐकतो. छापा हे गुप्त काम, तिथे फोटोग्राफर नेणं शक्यच नव्हतं, हे खरं. पण त्या पिढीचे चेहरे, ती बाजारपेठ, ते स्टेशन, त्या रात्री ज्यांच्या घरात ही माणसं लपली ती घरं, हे रोजचं जगणं टिपायला कोणती अडचण होती? गावात कॅमेरा नव्हता. जिथे होता तिथे तो सधन वाड्यात किंवा स्टुडिओत पडद्यासमोर.

ही अडचण आज नाही. उमरीतल्या तिशीच्या आतल्या जवळपास प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. म्हणून "कोणती लेन्स घेऊ" हा प्रश्न मला नुसता खरेदीचा वाटत नाही. आजच्या उमरीचं काय उरणार, ते यावर ठरणार आहे.

आजीचे फोटो उन्हातच का?

घरातला जुना अल्बम काढा. साठ-सत्तरच्या दशकातले कृष्णधवल चौकोनी फोटो असतील तर त्यांतले बरेचसे आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्याचे असायची शक्यता आहे. हा कॅमेरा बडोद्याला बनायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. लेन्स साधी, खिडकी बारीक, फोकस कायमचा ठरलेला.

आता फोटो नीट बघा. सगळे अंगणात, गच्चीवर, शेतात. सगळ्यांचे डोळे उन्हाने बारीक झालेले. फोटोग्राफर आठ-दहा फूट लांब. स्वयंपाकघरातली आजी नाही, चुलीपुढची आई नाही, माजघरातली बाळंतीण नाही. कोणी मुद्दाम वगळलं असं नाही. त्या लेन्सला घरातल्या उजेडात दिसतच नव्हतं. घराचं अर्धं आयुष्य, आणि त्यातलं बायकांचं तर बरंचसं, एका बारीक खिडकीमुळे अल्बमबाहेर राहिलं.

झूम, किट आणि फोन

१९५९ मध्ये फोटो कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स विक्रीला आली, झूमार, ३६ ते ८२ मिलिमीटर. जागेवर उभं राहून चौकट लहान-मोठी करायची सोय झाली. २००३ मध्ये कॅननने ३००डी हा तुलनेने परवडणारा डिजिटल कॅमेरा काढला आणि त्यासोबत १८-५५ ची झूम दिली. तेव्हापासून 'किट लेन्स' हा शब्द घरोघरी पोचला. सेकंडहँड कॅमेरा घेतला तर आजही बहुधा हीच लेन्स गळ्यात येते.

किट लेन्सला नावं ठेवू नका. तिची एकच अडचण आहे. ५५ वर नेली की खिडकी एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ च्या लेन्समधून तिच्या जवळपास दहा पट उजेड आत येतो. घरात, मांडवात, संध्याकाळी हा फरक कळतो.

फोनची गोष्ट वेगळी. त्याच्या मुख्य लेन्सची दृष्टी पसरट, जुन्या फिल्मच्या हिशोबात साधारण २४ ते २८ मिलिमीटर. त्यामुळे चेहऱ्यासाठी आपण फार जवळ जातो. तोंडापासून एका फुटावर फोन धरला तर नाक कानापेक्षा चार-पाच इंच जवळ असतं, म्हणजे ते कानाच्या मानाने तिसऱ्या हिश्शाने मोठं उमटतं. तेच सहा फुटांवरून काढला तर फरक पाच-सहा टक्क्यांवर येतो. तोंड फुगतं ते अंतरामुळे. म्हणून फोनवर चेहरा काढताना चार पावलं मागे जा आणि २एक्स दाबा. २०१६ च्या आयफोन ७ प्लसमध्ये ५६ मिलिमीटरच्या हिशोबाची दुसरी लेन्स दिली, ती याचसाठी.

एक युक्ती: २एक्स किंवा ३एक्स दाबल्यावर एकेका लेन्सवर बोट ठेवून बघा. ज्या लेन्सवर बोट ठेवल्यावर स्क्रीन काळी होते, ती चालू. अंधार झाला की काही फोन गुपचूप मुख्य लेन्सवर येतात आणि तेच चित्र कापून मोठं करून देतात. दिवसा एकदा आणि रात्री एकदा करून बघा, कळेल.

मग घ्यायची कोणती?

आता खोलीचा हिशोब. आपल्याकडची नेहमीची खोली दहा बाय दहा. साडेपाच फुटी माणूस पायापासून डोक्यापर्यंत, वर-खाली थोडी मोकळी जागा सोडून, उभ्या फोटोत घ्यायचाय. नवशिक्यांच्या बहुतेक डीएसएलआरचा सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान, सुमारे दीडपट फरक. त्यावर अंतर असं येतं:

५० ची लेन्स: साधारण चौदा फूट मागे जावं लागतं. म्हणजे भिंत फोडून शेजारच्या घरात!
३५ ची लेन्स: साधारण दहा फूट. दारात उभं राहून कसंबसं.
किट लेन्स १८ वर: पाच फूट. फोनचंही जवळपास एवढंच.

आणि कमरेपासून वरचा फोटो हवा असेल, तर ५० ला साडेसहा फूट, ३५ ला साडेचार फूट.

म्हणून सगळे सांगतात म्हणून ५० घेणारे घरात अडकतात आणि अंगणात खूश असतात. तुम्हाला घरातली माणसं, स्वयंपाकघर, दुकान, शाळा टिपायची असेल तर ३५ एफ/१.८. मांडवात किंवा शेताच्या बांधावर चेहरे टिपायचे असतील तर ५० एफ/१.८, आणि ती बहुधा स्वस्तातही पडते. लग्नाचं काम असेल तर किट लेन्स विकू नका. घोळक्यासाठी ती, चेहऱ्यासाठी ५०. गोदावरीकाठचे पक्षी हवे असतील तर दोनशे-तीनशे मिलिमीटरशिवाय गत्यंतर नाही, पण ती पहिली लेन्स करू नका. कपाशीच्या बोंडातली गुलाबी अळी कृषी सहायकाला नीट दिसेल अशी टिपायची असेल तर आधी फोनचा मॅक्रो वापरून बघा. बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं.

विकत घेण्याआधी एक गोष्ट करा, पैसे लागत नाहीत. किट लेन्सने आजवर काढलेल्या फोटोंची माहिती गॅलरीत उघडा. प्रत्येक फोटोखाली फोकल लेंथ लिहिलेली असते. तुमचे आवडते पन्नास फोटो कुठल्या आकड्याच्या आसपास आहेत ते मोजा. १८ ते २५ मध्ये जास्त असतील तर ५० घेऊन पस्तावाल. मग आठवडाभर झूमच्या रिंगला चिकटपट्टी लावून तो एकच आकडा ठेवा. निभलं तर तीच तुमची लेन्स.

सेकंडहँड घेताना एका बाजूने मोबाइलची बॅटरी मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, सोडून द्या. धुळीचे दोन कण चालतात. माउंट जुळतो का बघा. निकॉनच्या साध्या बॉड्यांत, म्हणजे डी३५०० किंवा डी५६०० मध्ये, फोकसची मोटर नसते. त्यावर ५० एफ/१.८ डी ही जुनी लेन्स बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. कॅननची जुनी ईएफ लेन्स नव्या आरएफ कॅमेऱ्यावर लावायला अ‍ॅडॉप्टर लागतो, त्याचा खर्च आधीच धरा. आणि घेतलीत की पावसाळ्यात हवाबंद डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

कर्ज काढून लेन्स घेऊ नका. ऑर्डर हातात असेल तर आधी भाड्याने आणा, चार कार्यक्रम करा, मग ठरवा.

या आठवड्याचं काम सांगतो आणि थांबतो. घरातलं सगळ्यात जुनं माणूस गाठा. घरातच, त्यांच्या रोजच्या जागी, खिडकीकडे तोंड करून बसवा. फ्लॅश बंद. सहा फुटांवर उभे राहा. फोटो काढायच्या आधी त्यांना विचारा, आणि काढताना रेकॉर्डिंग चालू ठेवून त्यांच्या लहानपणचं गाव कसं होतं तेही विचारा. उमरीकर असाल तर बँकेची गोष्ट विचाराच. फोटोला तारीख, नाव आणि गाव लिहून ठेवा, नुसतं फोनमध्ये ठेवू नका, एक प्रत काढून घ्या.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि हा भाग त्या मित्राला पाठवा जो तीन महिने झाले नुसते रिव्ह्यूच बघतोय.